रॅकला बांधलेला झोका

मी, भिकुबाई अभिमन बोरसे, वय ७२ वर्षे, धंदा शेती, शिक्षण तिसरी नापास, रा. चोपडा रस्ता, धरणगाव, जि. जळगाव. आज दि. ०१/०५/२०२५ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझ्या नावावरच्या शेतात माझा नातू भूषण याने खताचं गोडाऊन बांधलं आहे. मी त्याच्याजवळ राहते असं त्याने आपल्या जबाबात सांगितल्याचं कळलं. तो माझ्या घरात राहतो, तशी दुरुस्ती करावी.

गोडाऊनमध्ये माल उंच लावायला लोखंडी रॅक हवे होते. जळगावहून एक माणूस येऊन फरशी पाहून गेला. गोण्या रचायच्या एका पॅलेटवर, म्हणजे लाकडी पाटावर, किती वजन येणार ते त्याने विचारलं. खांबांचे पाय फरशीत बोल्टने पक्के करायचे आणि प्रत्येक आडव्या पट्टीला पिन लावायची, असं तो म्हणाला. भूषण म्हणाला, नव्या फरशीला भोकं पाडू देणार नाही. त्या माणसाचा चहा अर्धाच राहिला.

मग भूषणने धुळ्याचा भंगारवाला गिरधर याच्याकडून बंद पडलेल्या दोन कारखान्यांचे रॅक आणले. खांब एकाचे, पट्ट्या दुसऱ्याच्या. पट्ट्यांचे आकडे खांबांच्या खाचांत बसेनात, तेव्हा हातोड्याने ठोकले. पिना नव्हत्या म्हणून तार गुंडाळली. मी म्हटलं, तारेने कोंबड्यांचं खुराडं बांधतात, याच्याखाली माणसं काम करणार आहेत. भूषण मला अक्का म्हणतो. तो म्हणाला, अक्काला चूल कळते. गिरधर हसला. त्याचे दात मी मोजले नाहीत, पण पुष्कळ दिसले.

काल दि. ३०/०४/२०२५ रोजी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. माझी नात सारिका, भूषणची सख्खी बहीण, सासर बोदवड, सणाला माहेरी आली होती. आखाजीला लेकीला झोका लागतो. दुपारी चारच्या सुमारास तिने झोका कुठे बांधला असं विचारलं. भूषणने दोर घेतला, आम्हाला गोडाऊनमध्ये नेलं आणि रॅकच्या वरच्या पट्टीला झोका बांधला. मला म्हणाला, "अक्का, बठ्ठं मजबूत शे. हत्ती टांगला तरी हालणार नही. आता डोळ्यांनी पाही ले."

मी म्हटलं, "हत्ती नही, तुनी बहीण शे ती. आधी तू बस."

तो बसला नाही. सारिका बसली. त्याने मागून झोका दिला.

चार-पाच झोके झाले असतील. पट्टी खाचेतून निघाली आणि सारिकाच्या मांडीवर पडली. खांब तिरपा झाला. रॅकवर तेव्हा एकही गोणी नव्हती. हमाल हिलाल याने पट्टी उचलली. भूषणने आधी दोर सोडून गुंडाळला, मग बहिणीला हात लावला. सारिकाच्या मांडीचं हाड मोडलं आहे. ती जळगावला दवाखान्यात आहे.

दवाखान्यात जाताना भूषणने गाडीत सगळ्यांना सांगितलं की, आवारातल्या निंबाला झोका होता, फांदी मोडली, असं बोलायचं. सारिकाने डॉक्टरला तसंच सांगितलं. तिला माहेर टिकवायचं आहे. मला तसलं काही टिकवायचं नाही.

आज सकाळी भूषणने तीच पट्टी पुन्हा ठोकून बसवली. उद्या खताचा ट्रक येणार आहे. हिलालला त्या रॅकखाली उभं राहून माल लावायला सांगितलं आहे, जमत नसेल तर दुसरा हमाल बघतो असंही सांगितलं आहे. हिलालला दोन मुली आहेत. तो नाही म्हणणार नाही, म्हणून मी आले.

आमच्या आवारात निंब नाही. होता. दरसाल झोका त्यालाच असे. गोडाऊनचं दार रुंद करायचं म्हणून भूषणनेच तो तोडला. बुंधा दारासमोर आहे, गिरधरची माणसं त्यावर बसून जेवली. फांदी कुठली मोडली ते भूषणला तिथे नेऊन विचारावं.

जबाब हवालदारांनी वाचून दाखवला. त्यांनी "झोक्यावरून तोल जाऊन" लिहिलं होतं, ते खोडून "रॅकची पट्टी निघून" करून घेतलं. आता मी बोलले तेवढंच आहे, म्हणून अंगठा देते. जागा माझी आहे. गोडाऊनला मी माझं कुलूप लावलं असून त्याची चावी जबाबासोबत जमा करत आहे. भूषण ती घ्यायला बाहेर गाडीत थांबला आहे. त्याला आपण सांगावं. मी बसने जाईन.