ताईच्या देखत फोडायचं पाकीट

नाही हो, पुढची बाजू वाचूच नका. पुढं काय, वाटेल ते छापतात – ब्रेडचं पाकीट उलटं करा, हां, तिथं, त्या बारीक अक्षरात. पहिलं नाव काय आहे? मैदा. बघा. समोर म्हणे 'गव्हाची ताकद', शेताचं चित्र, आणि मागं पहिलाच मैदा – जे सगळ्यांत जास्त घातलंय ते पहिलं लिहावं लागतं त्यांना, मग त्याहून कमी, मग त्याहून कमी, अशी ती रांग असते. साखर कितवी आहे? तिसरी. आणि खाली कॅरेमल रंग – म्हणजे हा तपकिरीपणा गव्हाचा नाही, ओतलेला आहे. घेतलात तरी काही बिघडत नाही म्हणा, जग खातंय – मीच आपली उगीच बोलत बसते. आतून मालाचा गाडा यायचाय म्हणाला इथला माणूस, तेवढ्यासाठी उभी आहे, बरं का, नाहीतर मला कुठला वेळ.

मला कसं कळतं म्हणताय? मला नाही हो कळत. हे सगळं माझ्या ताईचं. थोरली बहीण माझी, शिवणकाम करायची – म्हणजे साधंसुधं नाही, कोटाला अस्तर लावायची ती, बाहेरून टाका शोधून दाखवा म्हणावं कुणालाही. भावजी बस चालवायचे. पहाटेची पाळी, आणि निघताना चहाबरोबर विकतचा ब्रेड, ताईच्या हातानं तव्यावर भाजून, लोणी लावून – लग्न झाल्यापासून तेच. तोंडातून शब्द निघायचा नाही माणसाच्या, पण ब्रेडची कड करपली की म्हणायचे, आज गाणी ऐकत होतीस वाटतं – बस, त्या घरातला विनोद तेवढाच, आणि ताई रोज नव्यानं हसायची. तर ते आजारी पडले. आतड्याचं दुखणं निघालं, वाईटातलं, आणि उन्हाळा संपायच्या आत गेले. डॉक्टरांनी सांगितलं, हे कुणालाही होतं, अमुक एका गोष्टीनं झालं असं नाही म्हणता येत. तिथं संपायला हवं होतं की नाही? पण माणसं भेटायला येत होती, आणि भावजींची बहीण, म्हणजे ताईची नणंद, पाणी पिता पिता म्हणाली, "तू रोज त्याला काय घालत होतीस, ते वाचलंस का गं कधी?" तेवढंच. ना आवाज चढवला, ना रडली. पेला खाली ठेवला आणि गेली. मी तिथंच बसले होते. मला वाटलं ताई सोडायची नाही तिला, ताईची जीभ काही कुणाला भाड्यानं दिलेली नव्हती – पण ती उठली, स्वयंपाकघरात गेली, कचऱ्यातून ब्रेडचा रिकामा प्लॅस्टिकचा कागद काढला आणि नळाखाली धुवायला लागली. वाचायला.

सुरुवातीला बरंच झालं म्हणायचं. आमच्या घरातलाही गोड ब्रेड तिनं बंद केला, माझ्या नवऱ्याची साखर खाली आली, आम्ही तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागलो. पण मग थांबेचना. आज पामतेल नको, उद्या टिकवायची पावडर नको, मग ज्याचं नाव जिभेवर अडतं ते काहीच नको. बरं, घरी भाज म्हणावं, तर हे पीठ कुणी दळलं, कशात दळलं? फळांवर फवारतात, दुधात मिसळतात, भाजी कुठल्या पाण्यावर वाढते देव जाणे – असं करत करत शेवटी एकच ब्रेड उरला, याच दुकानात यायचा, लहानशा बेकरीचा. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट. संपली यादी. त्याच्यावर जगायची ती. आणि इतकी उतरली हो – स्वतःचेच कपडे उसवून आत घ्यायची, परत उसवायची, परत आत घ्यायची, आणि म्हणायची, हे कापड सैल पडतं. ओढत नेलं डॉक्टरांकडे. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, काय खाते ते बघू नका, खाते का तेवढं बघा.

आणि नेमका तो ब्रेड यायचा बंद झाला. बेकरीची भट्टी दुरुस्तीला काढली होती म्हणे. मग मी काय करायचं होतं? मी – हे तुम्हाला कशाला सांगतेय कोण जाणे – मी जुने कागद जपून ठेवले होते, त्यात दुसरा ब्रेड भरायला लागले. दुधाचा, लोण्याचा, अंगी लागेल असा. तोंड इस्त्रीनं चिकटवायचं, मध्ये रुमाल धरून, म्हणजे कागद जळत नाही. आणि ती खायची. आवडीनं खायची. गालावर जरा मांस धरलं, एकदा तर आपणहून अर्धा तुकडा आणखी मागितला, मी न्हाणीघरात जाऊन रडले – आनंदानं, खोटं कशाला बोलू. तुम्हाला फसवणूक वाटत असेल. वाटू दे. तुमची बहीण असती म्हणजे मग विचारलं असतं.

मग एका सकाळी तिनं पाकीट हातात घेतलं आणि फोडलंच नाही. कडेवरून अंगठा फिरवत राहिली. "ही शिवण मशीनची नाही," म्हणाली. मी म्हटलं, अगं, काहीतरी काय. तिनं मान वर केली – रागावली असती तर सोसलं असतं मी – नुसतं बघितलं माझ्याकडे, आणि म्हणाली, "म्हणजे मी त्यांना घालत होते, आणि तू मला." आणि पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. तेव्हापासून माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही.

आता दवाखान्यात आहे. नळीतून देतात, ती नळी ओढून काढते. हात बांधायचे का, विचारत होते मला. मी काय सांगणार, तुम्हीच सांगा – नाही, नका सांगू. पण काल ती बोलली. माझ्याशी नाही, नर्सशी. तोच ब्रेड आणा म्हणाली, सीलबंद, माझ्या देखत फोडा, आधी मला वाचू द्या, मग खाईन. खाईन म्हणाली हो, स्वतःच्या तोंडानं. आणि बेकरी पुन्हा सुरू झालीय, मी फोन करून विचारून घेतलं, म्हणून तर –

आला. गाडा आला. अहो दादा, इकडे, तो वरचा – हां, हाच. बघा, सील कसं घट्ट आहे, नखसुद्धा जायचं नाही. कागद नवा केलाय वाटतं. 'आता आणखी मऊ' असं काहीतरी लिहिलंय, लिहू दे. मागं बघू – पीठ. पाणी. मीठ. यीस्ट. आणि –

चष्मा असाच आहे माझा, धूसर. तुम्ही बघता जरा? यीस्टच्या पुढं पूर्णविराम आहे की स्वल्पविराम? आणखी नावं आहेत? दोन ओळी? नाही, वाचू नका. मोठ्यानं नका वाचू.

तुम्ही न्या हा. खरंच न्या, तुमच्या हातातल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. जा तुम्ही. मी उभी राहते जरा इथं. जा म्हटलं ना.