पंचवीस चित्रांतल्या रतनमावशी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष आदरणीय पुंजारामभाऊ, मुख्याध्यापक गोरक्षनाथ सर, व्यासपीठावरील संचालक मंडळी, माझे सहकारी, बेलापूरचे ग्रामस्थ आणि माझ्या विद्यार्थ्यांनो, सर्वांना सविनय नमस्कार.

चौदा वर्षं मी इथे चित्रकला शिकवली. सरांनी आत्ता सांगितलं, की अकोले तालुक्यातल्या शाखेत माझी बदली 'प्रशासकीय कारणाने' झाली आहे. सरांचा मान राखून ते कारण मी जरा उलगडून सांगते.

गेल्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. माझ्या भावाने मस्कतहून व्हिडिओ कॅमेरा आणला होता, म्हणून शाळेवर अर्ध्या तासाची फिल्म करायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळ्यात आधी गेले रतनमावशींकडे. तीस वर्षं या शाळेची घंटा वाजवणाऱ्या आपल्या शिपाई मावशी. त्या म्हणाल्या, "बाई, लग्नाच्या क्याशेटीवानी नका काढू मला. शिनेमातल्या मानसावानी काढा."

आता हे करायचं कसं? सिनेमात सेकंदाला चोवीस अख्खी चित्रं सरकतात. आपल्या व्हिडिओत पन्नास अर्धी, म्हणून तो बातम्यांसारखा गुळगुळीत दिसतो. या कॅमेऱ्यात सेकंदाला पंचवीस अख्खी चित्रं घेण्याची सोय होती. मी ती लावली. पहिल्या दिवशी मावशी वऱ्हांडा झाडत निघाल्या, मी कॅमेरा घेऊन मागे धावले, आणि चित्र असे झटके खायला लागलं की माझंच डोकं दुखलं! मग कळलं, इथे घाई चालत नाही. कॅमेरा स्टँडवर ठेवला, फिरवायचा तर अगदी सावकाश. चालायचं काम मावशींवर सोडलं.

जोडकाम श्रीरामपुरात, लग्नाच्या कॅसेटी काढणाऱ्या आसारामच्या स्टुडिओत केलं. एका व्हीसीआरवर कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर हवं तेवढंच उतरवायचं. बोट क्षणभर उशिरा पडलं की अर्धा शब्द गायब, करा पुन्हा! आसाराम म्हणाला, "मॅडम, चित्र अडखळतंय. कॅमेऱ्यात बिघाड हाय. मधी बदामाची डिझाइनं टाकू का?" पण वऱ्हांड्याचा प्रसंग आला, तेव्हा त्यानेच कॅसेट मागे नेऊन तो पुन्हा लावला. त्यात मावशी फरशीवर हात ठेवून सांगतात, "मी हितंच बसून चौथी शिकले. आत बसू देत न्हवते. पानी वरून वतायचे, वंजळीत. छप्पन साली आमी बौद्ध झालो. पुढं त्याच वर्गाची किल्ली माज्याकडं आली."

संचालक मंडळाने फिल्म पाहिली आणि कळवलं, की चित्रात तांत्रिक दोष आहे, सबब तो प्रसंग काढावा. दोष असेल तर तो अख्ख्या अर्ध्या तासात असायला हवा ना? नेमका त्या दोन मिनिटांतच कसा शिरला? मी पुंजारामभाऊंना समक्ष विचारलं. भाऊ म्हणाले, "बाई, शाळेचं नाव जातं." मी म्हणाले, "भाऊ, चूक तेव्हा झाली. ती आज शाळेनेच सांगितली, तर नाव कसं जाईल?"

मी प्रसंग काढला नाही. महोत्सवात फिल्म लागली नाही.

मग एका रविवारी दुपारी आम्ही ती बुद्धविहारात लावली, टेबलावर टीव्ही ठेवून. पाय ठेवायला जागा नव्हती. मावशींनी पडद्यावरच्या स्वतःकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "व्हय, ही शिनेमातली हाय." त्याच आठवड्यात माझ्या बदलीचा आदेश निघाला.

आज शाल पांघरताना भाऊ हळूच म्हणाले, "अजूनही तेवढा प्रसंग काढा, बदली थांबवतो." भाऊ, तुमच्या वयाचा मला आदर आहे. उद्या सकाळच्या एसटीचं तिकीट मात्र मी काढून ठेवलंय. कॅमेरा सोबत नेतेय.

आपण सगळ्यांनी दिलेल्या मायेबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान कमी पडला असेल, तर तेवढं पोटात घाला. त्या दोन मिनिटांबद्दल मी क्षमा मागणार नाही. कुणाला मागायची असेल, तर रतनमावशी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.