अनोळखी पत्ता

—बसा ना काकू, येतीलच बाबा, औषधं आणायला गेलेत. फक्त टेबलावरच्या त्या बुद्धिबळाला धक्का लावू नका हं, तीन महिने तसाच मांडून ठेवलाय डाव, आम्ही ताटं हातात घेऊन जेवतो. ऑफिसातल्या ना तुम्ही त्यांच्या? वाटलंच. मी जरा हे कॉम्प्युटरचं संपवते, दर रविवारी तपासणी असते — हो, मीच करते, दुसरं कोण करणार? तुमच्या पिढीचं मला एक कळत नाही — राग मानू नका — दाराला तीन कड्या लावाल, माणूस आला तर साखळीआडून बोलाल, आणि स्क्रीनवर कोणी म्हणालं 'तुमचं पार्सल अडकलंय', की दाबलं बटण! कसलं पार्सल? काही मागवलंच नव्हतं! बाबा म्हणाले, "अडकलंय बिचारं, बघू तरी कुणाचंय." माझा अख्खा प्रबंध गेला त्यात. चार महिन्यांचं काम.

मग मी सगळं हातात घेतलं. अँटिव्हायरस टाकला, पासवर्ड बदलले — त्यांचा काय होता माहितेय? स्वतःचं नाव! — आणि आता मेल उघडायचं तर कोड माझ्या फोनवर येतो. रोज सकाळी दारात उभे राहतात, "कोड सांगतेस का गं?" मी सांगते. कधी अडवलं नाही हो.

आणि ही एक बाई. अनोळखी पत्ता, रोज आठच्या ठोक्याला मेल, आत काय तर 'घोडा एफ तीन'. बस्स. दुसऱ्या दिवशी 'उंट सी चार'. तुम्हीच सांगा, संशय येणार नाही? कुठल्याशा बुद्धिबळाच्या ग्रुपवर ओळख झाली म्हणे, दिवसाला एक चाल. एक! मग चालीखाली एक ओळ — गुडघा कसा आहे. मग चार ओळी. फसवणारे असंच करतात, आधी आपुलकी, मग मागणी — मी कोर्स केलाय यातला. आणि आलीच मागणी! छे, पैसे नाही मागितले — 'रविवारी येऊ का?' बाबांनी पत्ता देऊनसुद्धा टाकला, लिफ्ट बंद असते, सावकाश चढा, म्हणून. नवा शर्ट आणला. आईच्या खुर्चीवर तिची शाल होती, दीड वर्ष कोणी हलवली नव्हती, ती घडी करून कपाटात ठेवली. मी काय करायला हवं होतं? ब्लॉक केलं. बाबांच्या नावानं लिहिलं, 'पुन्हा लिहू नका', आणि ब्लॉक. यांच्या यादीत तिच्या मेलच्या पत्त्यातला एक आकडा बदलला, म्हणजे यांनी लिहिलं तरी पोचायला नको. परत आलेले मेल मी पुसून टाकते. सुरक्षा म्हणतात याला.

बाबांना वाटतं, ती वारली. म्हणाले, आमच्या वयात असंच कळतं, एक दिवस चाल येत नाही. तेव्हा सांगणार होते मी. पण रोज कोड विचारतात ना — रोज वाटतं, उद्या सांगू—

अहो, हात नका लावू म्हटलं ना! ठेवा तो हत्ती जागेवर, पांढरी मोहरी त्या बाईंची, चाल तिचीच—

तुम्ही ऑफिसातल्या नाही.

चार जिने चढून आलात? 'पुन्हा लिहू नका' वाचूनसुद्धा? ...काय? बाबा डाव अर्धा सोडायचे नाहीत, म्हणून? हो. नाही सोडत ते. म्हणजे तीन शब्दांत कळलं तुम्हाला, बनावट कोण ते. आणि मी, कोर्स केलेली— हे बघा, मला वाटलं होतं की तुम्ही— नाही. काही वाटलं नव्हतं. फसवणारे घाई करतात, पहिल्याच धड्यात शिकवतात. दिवसाला एक चाल खेळणारी बाई कसली फसवतेय! पहिल्या आठवड्यात कळलं होतं मला. पण ती शाल—

नका उठू. प्लीज. रागवा हवं तर, पण उठू नका, तुम्ही गेलात तर मी पुन्हा काही सांगायची नाही, स्वतःला ओळखते मी. पाय वाजतायत जिन्यात. थांबत थांबत चढतात, गुडघा—

बसा. मी उघडते.

बाबा, पिशवी द्या इकडे. आत— बाबा, मी ना—