दोघांचा नियम

आमच्या मोबाईलवरच्या ग्रुपात 'भाषा ओळखा'चा खेळ चालायचा, सांगितलं होतं ना तुम्हाला? एकानं आवाज टाकायचा, बाकीच्यांनी भाषा सांगायची. पोरं टीव्हीवरच्या बातम्याच उचलून टाकायला लागली, म्हणून मी नियम केला, दोघं बोलत असतील तोच आवाज चालंल.

केजच्या गणेशनं त्याच्या आज्याचा आवाज टाकला. कुणालाच ओळखता येईना. भाषा कैकाडी निघाली.

मी म्हणलं, "बाद! यात दुसरं माणूस कुठाय बे?"

"आजा शेळीशी बोलतोय. घरात ती भाषा दुसऱ्या कुणाला येतच न्हाई."

सगळ्यांनी लई हसून घेतलं. मी म्हणलं, "बरं, शेळीला दुसरं माणूस धरू. नियम बदलतो."

"राहू दे," गणेश म्हणला. "शेळी इकली. तवापासून आजा गपच हाय."