मावंद्याचं भाषण

(इनामगाव. बापूसाहेबांच्या घराची माडी. खाली अंगणात मांडव घातलाय, आचाऱ्याची गडबड चाललीय, कोणीतरी माइक तपासतंय.)

बापूसाहेब : अक्षर मातुर तुझं मोत्यावानी हाय. म्हणून तर म्हणलं, भाषण हर्षदाच लिहिल. तालुक्यात वक्तृत्वाला पहिली आलेली पोर गावात असताना मास्तरच्या मागं कशाला लागायचं? चष्मा कुठं ठिवला मी?

हर्षदा : कपाळावर आहे.

बापूसाहेब : हां. "जमलेल्या समस्त पाहुणे मंडळींना आणि माताभगिनींना नमस्कार. लोक काशीहून आल्यावर मावंदं घालतात, गावाला जेवण देतात. मी थायलंडहून आल्यावर घालतोय." हसतील लोक. हसू दे. समुद्र ओलांडला म्हंजी यात्राच झाली का न्हाई?

हर्षदा : झाली की. वाचा पुढं. सात वेळा लिहिलंय मी ते. पहिल्या खेपेला फार कडक झालं होतं.

बापूसाहेब : "दूध संस्थेचा चेअरमन या नात्याने बावीस सभासदांना मी सहा दिवस परदेश दाखवला." बराबर. "दुसऱ्या दिवशी आपल्या सर्जेरावांचे गुडघे धरले. मी त्यांना औषधाच्या दुकानात नेलं." हे कशाला घातलं?

हर्षदा : आत्ताशी तर रंगात येतंय.

बापूसाहेब : "तिथे डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागितली नाही. दुकानातल्या बाईंची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना येत नव्हती. मी गुडघ्यावर दोन थापा मारल्या. बाईंनी चार रंगांच्या चार-चार गोळ्यांच्या पुड्या दिल्या. पुडीवर नाव नव्हतं. सर्जेराव म्हणाले, मला शुगर आहे, शिरूरच्या डॉक्टरांना फोन करून विचारू. मी म्हणालो..."

हर्षदा : का थांबलात? पाठ असेल तुम्हाला. तुमचंच वाक्य आहे.

बापूसाहेब : हे कुणी सांगितलं तुला? तुझ्या आज्यानं, सर्जादादानं?

हर्षदा : आबा काही सांगत नाहीत. आबा हल्ली बोलतच नाहीत. हॉटेलात त्यांच्या खोलीत भिमाअण्णा होते ना, त्यांनी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "दादा, ह्यालाच प्रगती म्हंत्यात. हितं गुडघा दाखवला की गोळी मिळती. आपल्याकडं आधी डॉक्टरची पायरी झिजवा, मग मेडिकलवाल्याची." आणि स्वतःच्या हातानं पाण्याचा ग्लास दिलात.

बापूसाहेब : मग काय वाईट केलं? दुसऱ्या दिशी तीनशे पायऱ्या चढला गडी. मिठी मारली मला वर.

हर्षदा : आणि सहाव्या दिवशी परत उतरल्यावर विमानतळावर पडले. शुगर पाचशे चाळीस. शिरूरला चार दिवस आयसीयूत. डॉक्टर म्हणाले, नाव नसलेल्या गोळीत काय आहे ते नुसतं बघून सांगता येत नाही, पण असला झटपट आराम आणि अशी शुगर म्हणजे स्टेरॉइडच असणार. हेही चालेल हो एकवेळ. चूक झाली म्हणू. पण पुढचं पान उलटा. पुढचं मी जास्त मन लावून लिहिलंय.

बापूसाहेब : न्हाई वाचत मी.

हर्षदा : मी वाचते मग. मला पाठ आहे. "सर्जेराव पडल्यावर मी गावात सांगितलं की त्यांना परदेशातली फुकटची झेपली नाही. हे खोटं होतं. सर्जेरावांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करायला मतदान झालं, तेव्हा आडव्या बाटलीसाठी तेच दारोदार फिरले होते."

बापूसाहेब : अगं, तू व्हतीस का तिथं? विमानतळावर निस्ता गोंधळ. पोलीस विचारतोय, सहलवाला वरडतोय, समदे माझ्याच तोंडाकडं बघत्यात. काहीतरी सांगावं लागतं. तोंडातून गेलं माझ्या.

हर्षदा : एकदा गेलं तोंडातून. मग दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला दोन महिने रोज कसं गेलं? तुम्ही नक्कल करून दाखवत होतात म्हणे, आबा कसे पडले त्याची. वर्गातली पोरं माझ्या मागून झोकांड्या खात चालतात, बापूसाहेब. आबा दोन महिने डेअरीवर गेले नाहीत. किटली दारात ठेवतात आणि शेजारच्यांना हाक मारतात, तीही हळू आवाजात.

बापूसाहेब : आधी मला आजोबा म्हणायचीस.

हर्षदा : आधी म्हणायचे.

बापूसाहेब : हे बघ, तू हुशार पोर हायेस. आज सूत्रसंचालन तूच कर. आमदार येणार हायेत, त्यांच्यासंगं फोटो काढू. दादाचं मी बघतो. हळूहळू इसरतील लोक.

हर्षदा : सूत्रसंचालन मीच करणार आहे. तुमच्या नावाआधी कोणतं विशेषण लावायचं तेही ठरवीन. पण तुम्ही बोलल्यावर.

बापूसाहेब : आन् न्हाई वाचलं तर? ह्यो कागुद फाडला तर?

हर्षदा : फाडा. माझ्याकडं अजून आहेत. आणि खरं तर मला तुम्हाला फसवता आलं असतं. तुम्ही कधी आधी वाचून बघत नाही, माइकवरच पहिल्यांदा वाचता, सगळ्या गावाला माहितेय. आमदारांसमोर दुसऱ्या पानावर तुमची बोबडी वळली असती. मी तसंच ठरवलं होतं, आठवडाभर झोपताना रोज ते डोळ्यांसमोर आणून हसत होते. मग वाटलं, नको. नकळत वाचलेलं मला नकोय. कळून वाचा.

बापूसाहेब : लई मोठी झालीस. तुमच्या घरचं दूध उद्यापासून बंद करीन मी.

हर्षदा : करा. आणि खाली ती थायलंडच्या गोळ्यांच्या पुड्यांची पिशवी होती ना, पाहुण्यांना रुमालाबरोबर एकेक द्यायची म्हणून आणलेली? देव्हाऱ्याखालची?

बापूसाहेब : होती म्हंजी?

हर्षदा : आता नाहीये. काल दौंडला गेली. पुतळाआजींबरोबर.

बापूसाहेब : आई तर भाचीकडं गेली व्हती.

हर्षदा : भाचीकडं जाऊन आल्याच त्या. आधी डॉक्टरकडं. मी नेलं.

बापूसाहेब : आईचा काय संबंध? आई ठणठणीत हाय. उलट गोळ्या सुरू केल्यापासून तोंड कसं भरलंय तिचं. सगळे म्हंत्यात, परदेशी औषध मानवलं म्हातारीला.

हर्षदा : भरलं नाही, सुजलंय. आबांच्या डॉक्टरांनी मला तेच विचारलं होतं, चेहरा गोल झाला होता का. आबांनी चारच दिवस घेतल्या. आजी दोन महिने घेतायत. दिवसाला दोन पुड्या.

बापूसाहेब : तिला शुगर न्हाई.

हर्षदा : आता आहे. तीनशे ऐंशी. आणि त्या गोळ्या एकदम बंद पण करायच्या नाहीत म्हणाले, सांगतील तशा हळूहळू कमी करायच्या. पोरगं विचारल्याशिवाय देतं आणि आई विचारल्याशिवाय घेते, असं म्हणाले डॉक्टर. माझ्याकडंच बघून. जसं काही मीच दिल्या.

बापूसाहेब : मला काय ठाऊक...

हर्षदा : आबांच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर ठाऊक झालं होतं. तेव्हाच आजींच्या गोळ्या थांबवायच्या होत्या. पण त्या थांबवल्या असत्या तर आबा कशानं पडले ते कबूल करावं लागलं असतं. म्हणून चालू ठेवल्यात.

बापूसाहेब : तसं न्हाई गं. देवाशपथ तसं मनात न्हवतं. मला वाटलं, दादाला सोसल्या न्हाईत, आईला सोसत्यात.

हर्षदा : एक सांगू? मला आठ दिवस आधीच कळलं होतं. आजींचा चेहरा बघितला आणि लगेच कळलं. आणि मी गप्प बसले. म्हटलं, होऊ दे. पडू दे ह्यांच्याही घरात कोणीतरी. मग बघू कोणाची नक्कल करतात. आठ दिवस मला फार भारी वाटत होतं. मग परवा आजींनी हाक मारून शेंगदाण्याचा लाडू दिला. देताना त्यांची मूठ मिटत नव्हती, बोटं एवढी सुजलेली. तो लाडू मी तसाच ओढणीत बांधला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना दौंडला नेलं. त्यामुळं माझ्यावर उपकार केल्यासारखं वाचू नका. मी काही चांगली नाहीये.

पुतळाबाई : आठ दिस गप बसलीस, ते बी ऐकलं मी जिन्यात.

बापूसाहेब : आई, तू माडी चढून कशाला आलीस?

पुतळाबाई : तुझ्याच गोळ्यांनी आले की. गुडघं कसं पळत्यात बघ.

हर्षदा : आजी, चुकले मी.

पुतळाबाई : चुकलीसच. पर तू आठ दिसांनी बोललीस. ह्यो दोन म्हैनं झालं बोलला न्हाई. रोज सकाळी पानी घिऊन यायचा, आई, गोळी. मला वाटायचं, ल्योक किती करतोय माझं.

बापूसाहेब : आई, खाली आमदार येत्यात. एवढं पार पडू दे. उद्या दादाच्या घरी जाऊन पाय धरतो. एकट्यानं जातो.

पुतळाबाई : दारू पिला म्हणून एकट्याला सांगितलं व्हतंस व्हय?

बापूसाहेब : इज्जत जाईल.

पुतळाबाई : जाईल. सर्जाची गेली, दोन म्हैनं झालं. तो जगतोय की. तू बी जगशील. वाच.

बापूसाहेब : तू समोर बसणार?

पुतळाबाई : पहिल्या रांगंत. तू गाळलंस तर मी उठून सांगन. मला कागुद लागत न्हाई.

हर्षदा : माइकवाला हाक मारतोय. चला. दुसऱ्या पानाचा कोपरा मी दुमडून ठेवलाय, दोन पानं एकदम उलटू नयेत म्हणून.

बापूसाहेब : सर्जादादा तर न्हाईच आला आसंल. मग वाचून तरी काय उपेग?

पुतळाबाई : मी सोता जाऊन हाताला धरून आनलाय त्याला. जिलबी खाणार न्हाई म्हनला. म्हनलं, मी बी खात न्हाई आता, दोघं मिळून बघत बसू.

बापूसाहेब : कुठं बसलाय?

हर्षदा : मागच्या रांगेत, खांबापाशी. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं. जरा मोठ्यानं वाचा, आजोबा.