पाहुण्यांचा गहू

रेशनचं तुम्ही मला सांगू नका, आमच्या काकीबरोबर मी त्या रांगेत तासन्‌तास उभा राहिलोय. पिवळी कार्डं नवीन होती तेव्हाचं सांगतो. डोळखांबच्या दुकानात दोन महिने नुसता गहू येत होता. आमच्याकडं रोज भात, चपाती फक्त पाहुणा आला की. त्या दिवशी बाहेर आमच्या परतीचा जीपवाला हॉर्न मारत होता आणि काकी दुकानातून काही हलेना.

"गहू नको, तांदूळ दे रे."

दुकानदार बाळू बोलला, "वरून आला नाय. पुढच्या महिन्यात बघू."

"एवढ्या गव्हाचं मी काय करू?"

"पाहुणे बोलव की, काकी."

"मग उद्या तूच ये जेवायला."

आणि तो खरंच आला. काकीनं आमटी वाढली, गरम चपात्या वाढल्या. पाच चपात्या झाल्या तरी हा उठेना. नुसती चुळबुळ, सारखं लक्ष चुलीकडं. माझा जीव खालीवर, कारण हा रुसला तर पुढचा तांदूळही गेला.

शेवटी हळूच बोलला, "काकी, थोडा भात?"

काकीनं तवा उतरवला.

"वरून आला नाय रे. पुढच्या महिन्यात बघू."