रिंगच्या जागेला नमस्कार

जर्सी सिटीच्या बसस्टॉपवर आसावरीच्या पुढे एक आजोबा आणि त्यांची सून उभी होती. मराठी कानावर पडताच आसावरीने हळूच इअरफोन काढले.

"बाबा, सकाळी पार्किंग लॉटमध्ये कशाला वाकलात? तुम्ही पडलात समजून शेजारणीने ॲम्ब्युलन्स बोलावली."

"नमस्कार करत होतो गं, प्रीता. तालमीत उतरताना माती कपाळाला लावायचो, तसा."

"पार्किंग लॉटला?"

"आपली सोसायटी आहे ना, तिथे पूर्वी स्टेडियम होतं. अठ्ठेचाळीस साली मार्सेल सेर्दां तिथेच मिडलवेट बॉक्सिंगचा जगज्जेता झाला. फ्रान्सचा गडी. समोरचा चॅम्पियन बाराव्या राऊंडला आलाच नाही."

"मग?"

"पुढच्या वर्षी डेट्रॉइटला पहिल्याच राऊंडमध्ये त्याचा खांदा निखळला. तरी नऊ राऊंड लढला. तसल्या खांद्याने."

आसावरीची बस आली आणि गेली.

"आणि टायटल?"

"गेलं. ते परत जिंकायला अमेरिकेला निघाला, तर वाटेत विमानच पडलं."



"बाबा, तुम्ही एक जागा ठरवून घ्या. मी शेजारणीला सांगून ठेवते."

"रिंग नेमकी कुठे होती, ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून तर रोज जागा बदलतो."

"आज कुठे केलात?"

"तुझ्या गाडीच्या मागे."

"मग उद्या सकाळी मी गाडी बाजूला घेते. तिच्याखालची जागा राहिलीये."